दूध बघा रे कोणीतरी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजूनही बिनडोक) भावाचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनातल्या मनात. मान सध्या खाली जात नाही, ती का जात नाही ते पुढे येईलच. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला, की अजून शेजाऱ्यांना उठवतोय? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

ताई, मी बँडमध्ये आहे. हसून झालं की पुढे वाच. आमच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर ड्रम वाजवतात, शाळेतले गणिताचे मास्तर गिटार वाजवतात आणि गातात, आणि मी ती जाड तारांची बेस गिटार धरतो (वाजवतो म्हणणं धाडसाचं होईल, ती कोणालाच नको होती म्हणून माझ्या गळ्यात पडली). आठवडाभर चष्म्याच्या दुकानात "खालची ओळ दिसते का?" असं गोड आवाजात विचारायचं आणि रविवारी दवाखान्यामागच्या खोलीत राक्षसासारखं ओरडायचं, असा माझा दिनक्रम. तुझी भावजय म्हणते, या वयात लोक निदान गुपचूप तरी बिघडतात. पण खरं सांगतो, त्या खोलीत मला जेवढं बरं वाटतं तेवढं कुठेच वाटत नाही. आणि आता तिथूनच माझी हकालपट्टी व्हायची वेळ आली आहे.

झालं असं, की दातांच्या डॉक्टरांचं वार्षिक संमेलन होतं आणि तिथे आम्हाला वाजवायला बोलावलं. (त्यांनी "काहीतरी हलकंफुलकं" मागितलं होतं. आमचे डॉक्टर हो म्हणाले. ते पेशंटलाही "अजिबात दुखणार नाही" असंच सांगतात.) आम्ही निवडलं ते माझ्या त्या काळ्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं. तीच गं, कव्हरवर कवटी आणि कवटीच्या डोळ्यातून साप. आई ती पाहुणे आले की पालथी घालायची, आणि बाबा विचारायचे, "हे गाणं चाललंय की मांडणी कोसळली?" कॉलेजात नापास झालो तेव्हा तीच ऐकली, नोकरी लागली तेव्हाही तीच, आणि लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोला ऐकवली. ती तरीही हो म्हणाली, यावरून तिचा स्वभाव कळतो.

आता तुझ्या पराक्रमाकडे येतो. त्या शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात, काही क्षण शांतता, मग एकटी गिटार सुरू होते. नेमक्या त्या शांततेत तू टेपरेकॉर्डर पुसताना रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलंस, आणि आतून बाबा ओरडले, "दूध बघा रे कोणीतरी! सगळी बहिरी झालीत का?" ते कॅसेटवर कायमचं बसलं. मी किती थयथयाट केला होता! पण दुसरी कॅसेट कोण देणार? तीच ऐकत राहिलो, आणि ऐकता ऐकता ते वाक्य गाण्यातच मुरलं.

संमेलनात आमचं बरं चाललं होतं. म्हणजे पुढच्या रांगेने कानात बोटं घातली होती, पण उठून कोणी गेलं नव्हतं. मी जोशात मान हलवत होतो. (मान हलवायची ती केस उडावेत म्हणून. माझे केस तू पाहिलेच आहेस. उडाला तो चष्मा, आणि आखडली ती मान.) मग ती जागा आली. सगळे थांबले. सभागृहात चिडीचूप. आणि मी, ताई, डोळे मिटून, माइकमध्ये, बाबांच्या हेलात, पोटातून ओरडलो, "दूध बघा रे कोणीतरी! सगळी बहिरी झालीत का?"

चहावाला आचारी सांडशी घेऊन आत धावला. दूध शाबूत होतं, त्यामुळे तो परत आला तो मलाच शोधत. अध्यक्षबाईंना वाटलं मी त्यांना बहिरं म्हणालो. मास्तर गिटारवर काय वाजवायचं तेच विसरले आणि डॉक्टर हसता हसता स्टुलावरून खाली आले. गाणं तिथेच संपलं. मास्तर आता माझ्याशी बोलत नाहीत, त्यांनी फोनवर मूळ गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "नीट ऐका." येत्या रविवारी मला ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे.

मी नीट ऐकलं. ती जागा आली, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसती शांतता. मी दुकानात एकटाच बसून वाट बघत राहिलो आणि गिटार सुरू झाली. एवढ्या मोठ्या लोकांनी केलेलं गाणं मला अर्धवट वाटलं, बघ.

असो. गुडघ्यांना जप. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाबा गेल्यावर घर आवरताना ती कॅसेट तू नेलीस, हे मला पक्कं माहीत आहे. मास्तरांना पुरावा म्हणून ऐकवायची आहे. पार्सलने पाठवू नकोस, हरवेल. वाजवूनही बघू नकोस, यंत्र फीत खाईल. स्वतः घेऊन ये.

ता. ता. क. : पुराव्याचं काही खरं नाही. बँडमधून काढलं तर काढलं. पण त्या दिवशी ओरडल्यापासून बाबांचा आवाज आठवायला बसलो की माझाच ऐकू येतो. त्यांचा सापडतच नाही, ताई. लवकर ये.

आणि निघण्याआधी दूध बघ.