आमचे एकमेव समाधानी ग्राहक

१ मार्च, रविवार. सकाळी ६.१०

ठरलं! आजपासून नोकरी सांभाळून जोडधंदा. कार डिटेलिंग. म्हणजे नुसती गाडी धुणं नव्हे, आतबाहेर नव्यासारखी चमकवणं, हे आधी लिहून ठेवतो, कारण हिला अजून फरक कळलेला नाही. ही म्हणाली, म्हणजे गाड्या पुसणार. मी म्हटलं, पुसणं वेगळं आणि डिटेलिंग वेगळं. ती म्हणाली, मग आधी घरातले पंखे डिटेल करा.

बारा वर्षं विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांच्या फायली तपासतोय. गाडीतलं मला नाही कळणार तर कोणाला? स्वतःची गाडी नाही, हा मुद्दा गौण आहे.

धंद्याचं नाव: दर्पण.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज तीन व्हिडिओ बघणे. सहा महिन्यांत नोकरीचा राजीनामा. साहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. भाषा जरा झोंबरी झालीय, पण असू दे.

३ मार्च, मंगळवार

पाचला उठलो नाही. सव्वाआठला उठलो, पण ताजातवाना. एकूण एकेचाळीस व्हिडिओ पाहून झाले.

पॉलिशचं मशीन आलं! पुढे फोमची गोल गादी, ती गरगर फिरते. वेग एक ते सहा. सुरुवात एकपासून करा, कडांना जपा, असं पुस्तिकेत लिहिलंय. पुस्तिका भित्र्या लोकांसाठी असते.

७ मार्च, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक! तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. ओळखीखातर फुकट. सगळ्या सीटा शॅम्पूने धुतल्या. तो फेस बघून मन भरून आलं.

१० मार्च, मंगळवार

सीटा अजून ओल्या आहेत. हवा दमट आहे, त्याला मी काय करणार? बाई बुडाखाली प्लास्टिकची पिशवी घेऊन दवाखान्यात जातात. आज जिन्यात भेटल्या. नुसतं माझ्या दातांकडे बघितलं.

१२ मार्च, गुरुवार

गाडीत वास येतो म्हणे. मी कळवलं, पहिल्या आठवड्यात थोडा येतोच. हे कुठे वाचलं ते आठवत नाही.

१४ मार्च, शनिवार

घरात आनंदीआनंद. अप्पा, म्हणजे माझे सासरे, अखेर ऑपरेशनला तयार झाले! दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. ही चार महिने मागे लागली होती. पहिल्या डोळ्याची तारीख मिळाली, २ एप्रिल. समोरचं सगळं धुरकट दिसतं म्हणून त्यांनी आपणहून गाडी चालवणंही सोडलं. हिला इतकं हायसं वाटलं की फोनवरच रडली.

मला वेगळंच सुचलं. अप्पांची गाडी रिकामी उभी आहे! काळी, अठरा वर्षांची, मळलेली. असा नमुना शोधून सापडणार नाही.

एक नोंद. अप्पा निवृत्त शाळा तपासनीस. आयुष्यभर चुका काढल्या. चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. लग्नाच्या नोंदणीवर मी सही केली तेव्हा म्हणाले होते, अक्षर सुधारा. उद्या दाखवतोच.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

दिग्विजय!!

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा राबलो. बॉनेटवर मशीन सहावर. कडेला थोडा धूर निघाला, जुना मळ जळत असावा. मग काळ्या रंगाखालून करडा रंग वर आला, दोन ठिकाणी, बशीएवढा. कंपनीचा अस्सल रंग असणार. उन्हात बॉनेटभर गोल गोल रेषा दिसतात. हिने विचारलं, हे काय. म्हटलं, चमकेला खोली आलीय. ही बराच वेळ त्या खोलीकडे बघत राहिली.

शेवटी काचा. समोरची काच अठरा वर्षांत आतून कोणी पुसलीच नव्हती. तीन फडकी काळी झाली.

मग अप्पा आले. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. थांबले आणि म्हणाले, वा जावईबापू, उत्तम काम.

उत्तम काम! मला! ही साक्षीला आहे. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. डोळ्यांत साबण गेला होता.

१७ मार्च, मंगळवार

अनर्थ किंवा यश. याबाबत घरात दुमत आहे.

काल अप्पा गाडीत बसले, समोरच्या काचेतून बघितलं, आणि जाहीर केलं की सगळं लख्ख दिसतंय. मोतीबिंदू डोळ्यात नव्हताच म्हणे, काचेत होता. तो जावईबापूंनी काढला. ऑपरेशन रद्द! संध्याकाळी स्वतः गाडी चालवून बाजारात गेले.

ही माझ्याशी बोलत नाही. अरे, काच पुसणं हा काय गुन्हा झाला?

जाहिरातीसाठी मजकूर केला: आमच्या सेवेनंतर एका ज्येष्ठ ग्राहकाने डोळ्यांचं ऑपरेशन रद्द केलं. तो वाचून ही बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

२१ मार्च, शनिवार

अप्पांचा रोज फोन. काल म्हणाले, बॉनेटमध्ये आकाश दिसतं. दुपारी ऑफिसात हे सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी पुन्हा सांगितलं.

सहा जणांना अप्पांची गाडी बघून यायला पाठवलं. सहाही जाऊन आले. नंतर एकाचाही फोन नाही. इतकं काम बघून दडपले असतील.

२४ मार्च, मंगळवार

ही चक्क गोड बोलली. म्हणाली, हल्ली अप्पा तुमचंच ऐकतात, तुम्हीच समजवा ना. त्यांना काही झालं तर मी काय करू हो?

खरंच की, माझं ऐकतात! तडक गेलो. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मागच्या दाराच्या चमकेचा विषय काढला. तासभर बोलले. माणूस कौतुक करत असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही. ऑपरेशनचं राहिलं.

२५ मार्च, बुधवार

ही विचारते, सांगितलंत का? म्हटलं, वातावरण तयार करतोय. ही म्हणाली, तुम्हाला ते आंधळे राहिलेलेच बरे वाटतात. हे अति झालं. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

२८ मार्च, शनिवार. दुपारी ४

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

अप्पा फिरायला घेऊन गेले. एकमेव समाधानी ग्राहक, नाही कसं म्हणणार? पहिल्या चौकात लाल दिवा लागला असताना सरळ पुढे गेले. मी म्हटलं, लाल होता. म्हणाले, काय लाल होतं? पुढे कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे बघून त्यांनी आदराने मान लववली. म्हणाले, आमच्या हेडमास्तरीणबाई, या वयातही कशा ताठ! मला हसू आवरेना.

तेवढ्यात समोरून एक बाई मुलीचा हात धरून रस्ता ओलांडू लागल्या. अप्पा हेडमास्तरीणबाईंचंच सांगत होते, वेग तोच. मी हँडब्रेक ओढला. गाडी त्या मुलीपासून हातभर अंतरावर थांबली. मुलीच्या हातातली पिशवी आमच्या बॉनेटवर पडली. अप्पांनी मला विचारलं, का थांबवलीत?

त्यांना ती दिसलीच नव्हती.

मी सांगितलं. बाई ओरडत होत्या, तेव्हा त्यांना पटलं. गाडी मी कडेला घेतली. मग मी म्हटलं, अप्पा, काच स्वच्छ आहे. मी स्वतः पुसलीय. काचेचा दोष नाही.

त्यांनी विचारलं, काम उत्तम झालंय ना, नक्की? म्हटलं, नक्की. म्हणाले, मग डोळेच गेलेत माझे. आणि किल्ली माझ्या हातात दिली.

२ एप्रिलची तारीख अजून मोकळी होती. हिने फोन करून लगेच पक्की केली. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

२ एप्रिल, गुरुवार

एक डोळा झाला. वीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, इतका पिकलेला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. या डोळ्यांनी ते गाडी कशी चालवत होते, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काच स्वच्छ होती.

५ एप्रिल, रविवार. दुपारी १२

पट्टी परवाच निघाली. आज अप्पा पहिल्यांदा बाहेर उन्हात आले. काळा चष्मा काढला आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचली. मग खालचा बारीक मजकूर वाचला, त्यातल्या दोन चुकांसकट. हिच्याकडे वळून म्हणाले, अगं, तुझे केस पिकले की गं! ही हसायला लागली आणि त्यांचा हात धरून ढसाढसा रडली. मला बघून म्हणाले, तुमचे तर गेलेच की हो.

मग गाडीकडे वळले. हात मागे बांधून एक फेरी. बॉनेटपाशी थांबले. त्या करड्या बशीवर बोट फिरवलं. मग दुसरीवर. गोल रेषा बघायला वाकले, तिरकं उन्हात बघितलं, पुन्हा वाकले. विचारलं, हे कोणी केलं?

ही म्हणाली, अप्पा, आत चला, ऊन लागेल डोळ्याला. तिने मला वाचवायचा प्रयत्न केला. मला इतकं बरं वाटलं की मी म्हणून टाकलं, मी केलं.

मग मीही वाकून बघितलं, त्यांच्या शेजारी, त्याच उन्हात. भयंकर दिसत होतं. दोन ठिकाणी रंग उडालाय आणि बाकी सगळीकडे ओरखडे आहेत.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, काच मात्र चांगली पुसलीत.

आता त्यांना दिसतं. म्हणजे ते खरं असणार.