आपले पान इकडे अर्धेच दिसते

प्रिय दादा,

जयभीम.

तुझी एक तक्रार माझ्याकडं दीड वर्ष पडून आहे. तिचं उत्तर लिहायला बसलेय.

तू गेलास, आणि रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. माणसं जेवून गेली, आणि वहिनींनी मला आत बोलावून तुझी जाडजूड फाइल हातात ठेवली. "वन्सं, ही तुमीच न्या. मला त्यातलं काय कळत न्हाई." तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? तुला सांगायला नको. ही फाइल आजच का? मलाच का? ह्यात वहिनींचा काय डाव? साडेतीन वर्षं ज्या भावाशी बोलले नाही, त्याच्या फोटोला हार घालून आले होते, तरी मनात पाल चुकचुकतच होती. स्वभावाला औषध नाही रे.

आठवतं ना, नारायणगावच्या स्टँडमागं आपली टायपिंग इन्स्टिट्यूट? नव्वदच्या पुढंमागं मी आठ मशीन मांडली, आणि तू टेलिफोन खात्यातली ड्यूटी संपली की येऊन त्यांच्या फिती बदलायचास. मी आवाजावरून मशीन ओळखायचे. कागद बघून तर हमखास. सहा नंबरच्या मशीनचा 'ळ' ओळीच्या वर उडी मारून बसायचा. तू दोनदा खोललंस, काही उपयोग झाला नाही.

मग दोन हजार साल उजाडलं आणि तू मागच्या खोलीत तीन कंप्यूटर लावलेस. फोनच्या तारेवरनं इंटरनेट, जोडताना ती किरकिर, आणि बाहेर निकाल बघायला आलेल्या पोरापोरींची ही गर्दी! आपलं बरं चाललं होतं. तेवढ्यात तू पुण्याहून एक मासिक आणलंस आणि त्याच्यासोबतच्या सीडीवरनं नवा ब्राउझर तिन्ही मशीनवर टाकलास.

"जुना, निळ्या चिन्हाचा ब्राउझर चांगला चालतोय की," मी म्हटलं.

"निळा त्याच्या मनाचे नियम लावतो. ह्यो जगानं ठरवलेले नियम पाळतो. पान नियमानं लिहिलं की कुठल्याबी ब्राउझरात सारखंच दिसाय पायजे."

"कितीला पडला?"

"फुकट हाय."

फुकट! तिथंच माझं डोकं सणकलं. फुकट कोण कुणाला काय देतं? म्हटलं, तुला कमिशन असेल, नाहीतर ह्या ब्राउझरातून कुणीतरी आपल्या गिऱ्हाइकांची माहिती पळवत असेल. तू पोट धरून हसलास. मी महिनाभर तुझ्या खिशावर लक्ष ठेवून होते, हे तुला आज सांगते.

आणि आणे गावची ती पोरगी? पठारावरनं पहाटेची एसटी धरून बारावीचा निकाल बघायला आली होती. तुझ्या ब्राउझरात निकालाचं पान उघडलं ते कोरंच! पोरीला वाटलं, आपण नापास. तिथंच ती रडायला लागली. मी तिला हाताला धरून उठवलं, दुसऱ्या मशीनवर निळा उघडला, आणि मार्क समोर. पास होती, चांगली फर्स्ट क्लासात!

तू काय म्हणालास? "ते पानच चुकीचं लिवलंय."

"मग पोरीला काय सांगू? तू पास झालीस, पण पान चुकीचंय म्हणून नापास समज?"

त्या दिवशी चहा घेताना तू आज्याची गोष्ट काढलीस. त्याच्या लहानपणी विहिरीवर आपल्या माणसांनी कडेला उभं राहायचं, कुणीतरी वरनं ओतेल तेव्हा ओंजळीत धरायचं. "सुमे, हे पान म्हणतं, तुजं भांडं चालत न्हाई, आमी सांगू तेच भांडं घिऊन ये, मग पाणी. मला हे खपत न्हाई. पाणी सगळ्यांचं, तर भांडं ज्याचं त्याचं." मला ते पटलं होतं, दादा. आत कुठंतरी लागलंही होतं. पण कबूल करेन तर मी कसली? मी म्हणाले, "तू विहिरीवर खुशाल भांड. पण तोवर पोरीला तहान लागलीय, तिला पाणी मी पाजणार!"

खरं सांगू का, दोघंही बरोबर होतो. पण बरोबर असलेली दोन माणसं एका खोलीत लई वाईट भांडतात.

मग तुझे गुरुवार सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसायचं आणि ज्या ऑफिसाचं पान फक्त निळ्यात उघडतं त्याला तक्रारअर्ज टाइप करायचा. 'महोदय, आपले संकेतस्थळ...' मग तो रजिस्टर पोस्टानं पाठवायचा, पोचपावतीसकट! इंटरनेटच्या तक्रारी पोस्टानं! पोस्टमनसुद्धा हसायचा. मला मात्र वाटायचं, एवढ्या पोचपावत्या हा जमवतोय कशाला? कुठं लावणार आहे ह्या?

आणि मग तो दिवस.

सरकारमान्य कंप्यूटर कोर्सचं केंद्र तालुक्याच्या आपल्या भागात एकालाच मिळणार होतं. टाइपरायटरचे दिवस संपत आलेले. केंद्र मिळालं तर इन्स्टिट्यूट जगणार, नाहीतर कुलूप. फॉर्म इंटरनेटवरच भरायचा, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. मी दोन तास बसून सगळा भरला. खाली गेले, वर आले, 'जतन करा' हे बटणच कुठं नाही! पान उजवीकडं कापलं गेलं होतं. निळ्यात उघडावं म्हणून बघते तर निळ्याचं चिन्ह गायब. तिन्ही मशीनवरनं. तू आदल्या दिवशी काढून टाकलं होतंस, मला एका शब्दानं न सांगता! आणि तू येडगावच्या बाजूला कुठल्यातरी खांबावर चढलेला.

समोर विकासचा क्लास होता. माझाच जुना विद्यार्थी, त्यानंही तोच फॉर्म भरलेला. त्याच्याकडं निळा होता. पाच मिनिटांचं काम. पण मी गेले नाही. म्हटलं, हा माझा फॉर्म बघून आपला बदलेल. दादा, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नाही. पाच वाजले तेव्हा मी त्याच्या दाराकडं बघत उंबऱ्यात उभी होते.

केंद्र विकासला मिळालं. आणि मी सगळं तुझ्या डोक्यावर फोडलं. गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "मुद्दाम काढलंस! वहिनीच्या नावावर वेगळं केंद्र घ्यायचं होतं ना तुला?" वाटलं, तू उलटून बोलशील. तू एवढंच म्हणालास, "चिन्ह मी काढलं, हे खरं हाय, सुमे." दुसऱ्या दिवशी तू आपले कंप्यूटर उचललेस. जाताना सहा नंबरच्या मशीनवर हात ठेवून विचारलंस, "हे नेऊ?" मी म्हटलं, "ने. मोडीतच जाणारंय." तू ते स्कूटरला दोरीनं बांधून नेलंस. नंतर कुणीसं म्हणालं की विकासच्या क्लासात एक जुनं मशीन आलंय, आणि मी समजून चुकले, तूच विकलंस त्याला.

समजून चुकले! हा शब्द माझ्यासाठीच आहे बघ.

त्यानंतर वहिनी बोरी बुद्रुकला माहेरी जाऊन आल्या की माझ्याकडं द्राक्षं पाठवायच्या. मी ती शेजारी देऊन टाकायचे. एवढा पुळका कशाला, असं वाटायचं.

पुढं मी हिकमतीनं इन्स्टिट्यूट उभी ठेवली, टॅलीचे वर्ग काढले, स्वतः पुस्तकात बघून तिचं पानही बनवलं. माझा फोटो, पत्ता, वर्गांच्या वेळा. आणि वर ठळक अक्षरात ओळ टाकली, 'हे पान फक्त निळ्या ब्राउझरमध्येच पाहावे.' गरज नव्हती तिची. तुला टोचावं म्हणून टाकली होती. आता लाज वाटते.

पान लावून वर्ष झालं असेल, एक पत्र आलं. टाइप केलेलं. खाली नाव नाही. 'संकेतस्थळ' हा शब्द वाचला आणि माझे डोळे तिथंच थांबले. 'ळ' ओळीच्या वर! सहा नंबरचं मशीन! मी लगेच निकाल दिला. मशीन विकासकडं, म्हणजे पत्र विकासचं. माझ्या पानाला नावं ठेवतोय, मला घाबरवतोय. चुरगाळून टोपलीत टाकलं. असली पत्रं कोण लिहितं, हेही बघितलं नाही. एवढी संशयी बाई, आणि जिथं खरंच बघायचं तिथं बघितलं नाही!

त्याची प्रत तुझ्या फाइलमध्ये आहे.

फाइल मी ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचली. केंद्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू कोर्सच्या ऑफिसला लिहिलेलं पत्र सापडलं. 'माझ्या बहिणीने अर्ज वेळेत भरला होता. आपले पान आमच्या ब्राउझरमध्ये अपुरे दिसते, आणि दुसरा ब्राउझर मी तिला न विचारता काढला. चूक माझी आहे, तिची नाही.' सोबत पोचपावती. मी पावतीवरचा शिक्का उजेडात धरून बघितला, खरा की खोटा. खरा निघाला. अरे, त्या ऑफिसातल्या कुठल्या कोण साहेबाला 'चूक माझी' असं लिहून देतोस, आणि मला नाही सांगता आलं? तीन गल्ल्या पलीकडं तर राहत होतास! का माझ्या तोंडाची भीती वाटली?

आणि फाइलच्या शेवटी ते पत्र.

'मा. संचालिका यांस. महोदया, आपले संकेतस्थळ मी दर गुरुवारी पाहतो. परंतु आपले पान इकडे अर्धेच दिसते. उजवीकडचा मजकूर व आपला फोटो कापला जातो. कृपया दुरुस्ती व्हावी, ही विनंती. आपला, एक वापरकर्ता.'

मी वहिनींना फोन करून विचारलं, हे खरं का? त्या म्हणाल्या, "दर गुरुवारी बघायचे. म्हनायचे, अर्धीच सुमी दिसती. मी म्हनलं, निळ्यात उघडा की, सगळी दिसंल. तर म्हनले, तिनं दुरुस्त केलं की दिसंलच."

दादा, असला कसला हट्ट रे! एकदा, फक्त एकदा, नियम बाजूला ठेवून निळा उघडायचास ना! आणि मी तरी काय केलं? दोघंही एकाच आईची लेकरं.

मशीन कुठं आहे, तेही विचारलं. तुझ्या खिडकीपाशी, पिशवी पांघरून ठेवलंय म्हणे. विकासकडं कधी गेलंच नव्हतं.

काल तुझा ब्राउझर माझ्या कंप्यूटरवर उतरवून घेतला. फुकटच मिळाला, आणि अजून तरी कुणी काही पळवलेलं नाही. त्यात माझं पान उघडलं. तसंच दिसलं. एक डोळा, अर्धं कपाळ, पत्ता कापलेला. हेच तू दर गुरुवारी बघत होतास.

आज दिवसभर बसून मी ते नियमानं लिहिलं. दोन्हीकडं उघडून बघितलं, दोन्हीकडं पुरतं दिसतंय. ती वरची ओळ काढून टाकली. तुझ्या तक्रारीवर कार्यवाही झाली. दीड वर्ष उशिरा, तू नसताना.

तरी एक संशय उरलाच. फाइलमधली मागच्या तीन वर्षांची सगळी पत्रं कंप्यूटरवर टाइप केलेली, प्रिंटरवर छापलेली आहेत. घरात प्रिंटर होता तुझ्याकडं. मग हे एकच पत्र मशीनवर का? पिशवी काढून, फीत घालून, सहा नंबरवर का बसलास? 'ळ' बघितला की सुमी ओळखेल, म्हणूनच ना? नाव लिहिलं नाहीस, पण सही केली होतीस तू. आणि मी ओळखलं, दादा. मशीन ओळखलं, माणूस नाही ओळखला.

येत्या गुरुवारी मी तुझ्या घरी येते. तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या ब्राउझरात ते पान उघडून वहिनींना दाखवीन. मग पिशवी काढून मशीन पुसून ठेवीन, आणि तुझ्या राहिलेल्या तक्रारी त्याच्यावरच टाइप करीन, पोचपावतीसकट. वहिनींनी द्राक्षं दिली तर तिथंच बसून खाईन. पण त्या 'ळ'ला हात लावणार नाही. कुणाला लावूही देणार नाही.

तुझी,
सुमी