तीस दिवसांत तळमजला

सोमवार, ३ मार्च
संस्थेत रुजू झालो. धोब्याच्या दुकानावर दोन खोल्या, सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. ती मला मिळाली. काम असं: ज्यांना राहायला जागा नाही त्यांना कायमची जागा मिळवून द्यायची. त्यांना बेघर म्हणायचं नाही, लाभार्थी तर नाहीच. 'शेजारी' म्हणायचं. मी पहिल्या तासात तीनदा चुकलो, पण भावना पोचली.
संस्था चालवणारी बाई माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. तिला सगळे ताई म्हणतात. मला काका. साहेब म्हणायची इथे पद्धत दिसत नाही.
ताईला स्पष्ट सांगितलं की मी एकतीस वर्षं बसची वेळापत्रकं केली. चारशे गाड्या रोज वेळेवर सोडणाऱ्याला एक माणूस एका घरात सोडणं म्हणजे डाव्या हातचा मळ. ती म्हणाली, आधी ही फाइल नीट वाचा.
संकल्प: तीस दिवस. खरं तर अठ्ठावीस, दोन दिवस सामानाला.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी ६.५०
लवकर निघालो. हिच्या गणिताच्या शिकवण्या सकाळीच सुरू होतात आणि निवृत्तीपासून बाहेरच्या खोलीत मला बसायला जागा नसते. मी मुलांना शॉर्टकट सांगतो ते हिला आवडत नाही.
माझा शेजारी बंद पडलेल्या पोस्टाच्या पायऱ्यांवर, छपराखाली राहतो. वय बासष्ट. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. संस्थेत त्यांना मामा म्हणतात. मी गेलो तेव्हा झोपले होते. उठवलं.
अत्यंत टापटीप माणूस. वळकटी बांधलेली, बूट जोडीनं ठेवलेले, चष्मा पत्र्याच्या डबीत. मी पुढच्या तीस दिवसांचा तक्ता वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं की साहेब, चहा झालाय का. (साहेब म्हणाले.) मग स्वतःच्या चहातला अर्धा मला दिला.
ताई म्हणते विश्वास बसायला महिने लागतात. मला वीस मिनिटं लागली.

शुक्रवार, ७ मार्च
खोली सापडली. चौथा मजला, भरपूर ऊन, लिफ्ट. मामा म्हणाले, तळमजला हवा. मी म्हटलं, लिफ्ट आहे ना. ते म्हणाले, लिफ्ट आहे म्हणूनच. एकतीस वर्षं त्यांनीही लिफ्टचंच काम केलं, त्यांना माहीत आहे.
अशा लोकांना काय हवं ते त्यांनाच कळत नसतं. सोमवारी प्रत्यक्ष दाखवतो.

सोमवार, १० मार्च
यशस्वी दिवस. थोडा वेळ गेला.
मामांनी तळमजल्यावरच लिफ्टच्या दाराला कान लावला आणि म्हणाले, हिचा ब्रेक घसरतोय, जाऊ नका. इमारतीचा मालक शेजारीच उभा, त्याच्यासमोर असं बोलणं बरं दिसत नाही. म्हणून मी मालकाचा हात धरून आत शिरलो आणि बटण दाबलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकलो. चाळीस मिनिटं.
या वेळेचा सदुपयोग केला. संस्थेची उद्दिष्टं मालकाला सविस्तर समजावली. त्याला उठून जायला वाव नव्हता. घाम मात्र फार येतो त्याला.
मामा जिन्यानं गच्चीवर गेले, मेन स्विच बंद केला आणि मोठं चाक हातानं फिरवून आम्हाला दुसऱ्या मजल्यावर आणलं. मालक इतका खूश की जिन्याखालची मीटरची खोली त्यानं मामांना देऊ केली. भाडं नाही, फक्त रात्रंदिवस लिफ्टकडे बघायचं. आणि तळमजला! मी जागच्या जागी हो म्हणून टाकलं.
आठव्या दिवशी घर. ताईला फोन केला, तिनं मधेच ठेवून दिला, भारावली असावी. येताना खोलीसाठी निळा पडदा घेतला.

मंगळवार, ११ मार्च
पडद्याला खिडकी नाही. काल लक्षात आलं नव्हतं.
ताईनं बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, पण दार लावून घेतलं. म्हणाली, "काका, खिडकी नाही, करारपत्र नाही आणि चोवीस तासांची नोकरी. याला घर म्हणत नाहीत. मामांना विचारलंत तरी का?"
विचारणं तक्त्यात तिसऱ्या आठवड्यात होतं.
मामा अशाच एका जिन्याखालच्या खोलीत सहा वर्षं राहिले होते. बायको तिथेच वारली. मग इमारत विकली गेली आणि नव्या मालकानं एका दुपारी वळकटी बाहेर ठेवली. कागद नव्हता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. हे त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हटलं. ताई म्हणाली, फाइलच्या पहिल्या पानावर आहे.
फाइल मी रोज बरोबर नेतो. वाचायला बसायला वेळच मिळालेला नाही.

गुरुवार, १३ मार्च
मामा पायऱ्यांवर नाहीत. वळकटी नाही. सकाळी सात, दहा, साडेअकरा, दोन आणि चार वाजता जाऊन पाहिलं.
माझ्यावर रागावले असतील हे शक्य नाही. तसं काही कारण नाही.

शुक्रवार, १४ मार्च
शोधाचं वेळापत्रक केलं. नऊ मार्गांच्या बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दोन गाड्या उशिरा होत्या, माझ्या काळात असं होत नव्हतं. ही म्हणाली, तुमच्या पायाला भिंगरी लागली आहे, जेवायला तरी बसा. बसलो. उठलो.

शनिवार, १५ मार्च
ताईला विचारायचं सुचलं. मामा दवाखान्यात आहेत. बुधवारीच तिनं नेलं होतं. गुडघा सुजला आहे. पहिल्यापासून दुखरा आहे, म्हणून तर तळमजला. हेही फाइलमध्ये आहे. आणि सोमवारी जिने चढल्यामुळे आणखी बिघडला.
जिने कोणासाठी चढले ते इथे लिहीत नाही.
भेटायला गेलो. खाटेशेजारी तासभर गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं हे नव्यानं कळलं. मामांनी विचारलं, आज तक्ता नाही का आणला.

सोमवार, २४ मार्च
गुडघ्याची सूज उतरली, मामा कुबडी घेऊन चालू लागले. सध्या संस्थेच्या मागच्या खोलीत झोपतात. इकडे ताईनं एक जागा शोधली आहे. छापखाना चालवणाऱ्या बाईंच्या घरामागची खोली, तळमजला, दोन खिडक्या, मामांच्या नावानं दोन वर्षांचं करारपत्र. वाईट नाही. मीही त्याच दिशेनं चाललो होतो.
उद्याच्या भेटीला मला नेणार नाहीत. माझ्यावर त्याहून महत्त्वाचं काम सोपवलंय: ब्लँकेटांच्या घड्या.

मंगळवार, २५ मार्च
घड्या दहापर्यंत आटोपल्या. सहज छापखान्यावरून गेलो. बाई, ताई आणि मामा बोलत होते. बाईंच्या मनात शंका राहू नयेत म्हणून मामांचा स्वभाव, गुडघा, मीटरच्या खोलीचा किस्सा, सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. अर्धा तास. बाईंनी विचार करायला आठवडा मागितला.
विचार करणार म्हणजे गंभीरपणे घेतलंय. ताईनं परतताना वेगळी रिक्षा केली. दमली असेल.

शुक्रवार, २८ मार्च
मिळाली! मामा एकटेच कुबडी टेकत छापखान्यात गेले आणि पंधरा मिनिटांत बाईंनी होकार दिला. माझ्या अर्ध्या तासाचा परिणाम व्हायला तीन दिवस लागले एवढंच.
मामा काय बोलले असं ताईला विचारलं. ती आधी सांगेना. मग म्हणाली, बाईंना एकच धास्ती होती. मामांनी सांगितलं की ते गृहस्थ माझ्याबरोबर राहणार नाहीत.
कोण गृहस्थ ते ताईनं सांगितलं नाही.

बुधवार, २ एप्रिल
एकतिसावा दिवस. एक दिवस उशीर, तोही मार्चमध्ये एकतीस दिवस असल्यामुळे.
गादी मी उचलली. दोन खुर्च्या, एक स्टोव्ह, वळकटी, बस्स. सही करण्याआधी मामांनी करारपत्र दोनदा पूर्ण वाचलं, तोवर सगळे थांबलो. किल्ली हातात आल्यावर त्यांनी कुलूप लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. असं चार-पाचदा. आम्ही बाहेरच उभे होतो. कोणी घाई केली नाही. मीही नाही.

सोमवार, ७ एप्रिल
गुरुवारपासून रोज सकाळी सातला मामांकडे जातो. नव्या घरात माणसाला एकटं वाटतं. खुर्च्यांची मांडणी बदलून दिली. आज पुन्हा बदलली. मामा कमी बोलतात. रुळताहेत.
ताईकडे दुसरा शेजारी मागितला. ती म्हणाली, बघू.

गुरुवार, १० एप्रिल
सातला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं, आत शिरलो. मामा अंथरुणात होते. उठून बसले, चष्मा लावला. मग अगदी सावकाश बोलले. "साहेब, पायऱ्यांवर दार नव्हतं. तुम्ही केव्हाही यायचात, मला उठवायचात, मी काय म्हणणार? आता दार आहे. गुरुवारी चारला येत जा, मी चहा करीन. पण आधी वाजवा. आणि मी उघडीपर्यंत थांबा."
मी बरं म्हटलं. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, हात जोडले आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.
गुरुवार आजच होता. चारला जायचं का, हे विचारायचं राहिलं. साडेतीनपासून कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसलो होतो. चार वाजता वाजवलं. दार उघडलं नाही. मामा घरी नसावेत. थांबलो. मग छापखान्याच्या बाईंनी खिडकीतून सांगितलं की ते फिरायला गेलेत, पुढच्या गुरुवारी या.

शुक्रवार, ११ एप्रिल, सकाळी ७.०५
बाहेरच्या खोलीत शिकवणी चालू आहे. स्वयंपाकघरात उभा आहे.
गुरुवारला सहा दिवस.