घरातला गहू

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दीक्षा हिला आप्पांचा सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. जावई सम्राट आणि तुझ्या सासूबाई खुशाल असतील असं धरून चालतो. चंदगडकडचा पाऊस यंदा दिवाळीपर्यंत हटला नाही, असं डेपोतली माणसं सांगत होती. तुमच्या भाताचं काय झालं कोणास ठाऊक.

फोन लावून बघितले. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, तरी लावले. म्हणून हे पत्र. अक्षर ओळखून फाडू नकोस. यात तुझ्या कामाचं काही आहे.

इकडची हकीकत अशी, की गेल्या डिसेंबरात मी मोरीत घसरून पडलो. डावं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं कसं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, तर अंगात रक्तच नाही. पोटाची तक्रार माझी जुनी. नोकरीत असताना घाटात एसटी उभी करून मी झाडीत पळायचो आणि मागून प्रवासी शिट्ट्या मारायचे. घरी हे कधी सांगितलं नाही. ड्रायव्हरनं पोटाचं रडगाणं कुणाला सांगायचं?

मार्चमध्ये राजारामपुरीतल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली, आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं समोर बसवून म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला सीलिअ‍ॅक आहे. गहू तुमच्या आतड्याला चालत नाही. आतली लव झडून गेलीय, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद. चिमूटभरसुद्धा नाही. जन्मभर."

मी म्हटलं, "बाई, औषध द्या की."

"हेच औषध," त्या म्हणाल्या.

ज्वारीची भाकरी आपल्याकडं असतेच, मग अडचण काय, असं मला वाटलं. थापायला शिकलो. पहिला महिनाभर एकही भाकरी तव्यावर धड पडली नाही, तुकडेच भाजून खायचो. पण पोट काही थांबेना. मग ध्यानात आलं, गिरणीत आधी लोकांचा गहू दळलेला असतो, त्यातूनच माझी ज्वारी येते. गिरणीवाल्याला म्हटलं, "सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं माझं दळ." तर म्हणतो, "आप्पा, आता सोवळं पाळायला लागलासा व्हय?" चार माणसं हसली. आपल्या घरातल्या माणसाला सोवळं पाळतो म्हणायचे दिवस आले! मीही हसलो, आणि घरघंटी आणली.

बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, दीक्षा. तुझ्या आईनं भरून ठेवलेली डबी टाकायची होती. टाकवली नाही. फडताळात वर ठेवून दिलीय.

माणसांत जाणं मात्र सुटलं. डेपोतल्या सयाजीच्या मुलीच्या लग्नात वाढणारा डोक्यावर उभा. "पावणं, एक चपाती तरी घ्या की."

"न्हाय चालत."

"साखर हाय व्हय?"

"व्हय, साखर."

साखर म्हटलं की लोकांना कळतं. खरं सांगायला गेलं, की म्हणतात गव्हानं कधी कोण आजारी पडतं का. शेजारच्या बाईनं खीर आणून दिली, "खपलीची हाय, ह्यो गहू येगळा." तो काही वेगळा नसतो. मी वाटी परत केली, तेव्हापासून तिच्या घरचं काही येत नाही. पंगतीत आमटीचा भरवसा नसतो, म्हणून नुसता भात घेऊन बसायचो. आता बसतच नाही. दिवसभराचं बोलणं म्हणजे सकाळी दूधवाल्याशी जेवढं होईल तेवढं.

चार दिवस इथपर्यंत लिहितोय आणि कागद फाडतोय. आज पुढं लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मुलंबाळं किती?"

"एक मुलगी."

"तिची तपासणी करून घ्या. रक्ताच्या नात्यात हा आजार असू शकतो. लहानपणी तिचं पोट दुखायचं का?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

खोटं बोललो.

माझ्या बापाच्या घरात गव्हाचं क्वचित कधी शिजायचं. चपाती आली तर दुसऱ्याच्या दारातून, शिळी, वरून टाकलेली. एसटीत लागलो तेव्हा ठरवलं, माझ्या घरात रोज चपाती होणार, ताजी, तूप लावलेली. पहिल्या पगारात गव्हाचं पोतं आणलं आणि मुद्दाम गल्लीतून खांद्यावरून नेलं. आणि तू सात वर्षांची, हातपाय काड्या, पोट तेवढं फुगलेलं, ताटात चपाती बघितली की तोंड फिरवायचीस. मला वाटायचं, पोरगी माजलीय. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुरुंदवाडला तानाबाई आजीकडं भाकरी खाऊन तू टवटवीत होऊन यायचीस. त्यावर खूश व्हायचं सोडून मी म्हणायचो, म्हातारी पोरीला फितवतीय.

एकदा सुट्टीवरून आल्या दिवशी तू म्हणालीस, "आप्पा, तुमच्या घरात माझं पोट दुखतं." मी तुझा जबडा धरून घास कोंबला. तू ओकलीस. मी दुसरा कोंबला. तुझी आई मध्ये आली, तिला ढकललं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. गडहिंग्लजच्या दवाखान्यात तुझं दुसरंही मूल पोटातच गेलं, त्या दुपारी, तुझ्या सासूबाईंच्या देखत मी म्हणालो, "लहानपणी चपात्या खाल्ल्या असत्यास, तर अंगात ताकद असती, पोर टिकलं असतं." तू भिंतीकडं तोंड करून म्हणालीस, "आप्पा, तुम्ही जावा आता." मी गेलो. आणि भेटेल त्याला सांगत फिरलो, की पोरीला बापाची किंमत न्हाय.

परवाच्या खेपेला बाईंना विचारलं, "ह्या आजारानं मूल पडतं का?" त्या म्हणाल्या, "आजार कळलेला नसेल आणि गहू चालू असेल, तर पडू शकतं. तुमच्या मुलीचं त्यानंच झालं, असं मात्र मी सांगू शकत नाही." त्या काय म्हणतील या भीतीनं मी आठ महिने विचारलं नव्हतं.

दीक्षा, तपासणी कर. आधी रक्ताची. आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नकोस, नाहीतर रक्तात नीट कळत नाही, असं बाईंनी दोनदा बजावलंय. मला उत्तर देऊ नकोस. तपासणी तेवढी कर.

तुला खायला घालून उपाशी ठेवणारा,
आप्पा


चंदगड,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांना जय भीम.

पत्र मिळालं. तीन दिवस झाले. सम्राट रोज विचारतो, लिहिलंस का. आज सगळे शेताकडं गेलेत, म्हणून बसले.

माझी तपासणी झालीय, आप्पा. बेळगावात, ऑगस्ट २०२२ मध्ये. मलाही तेच आहे. तेव्हापासून गहू बंद. माझा तवा वेगळा, परात वेगळी. सासूबाई बोलत काही नाहीत, पण माझ्या परातीला हात लावत नाहीत. सगळ्यांच्या आधी मी एकटी जेवून घेते, म्हणजे कुणाला अडचण नको.

तिथल्या डॉक्टरांनीही विचारलं होतं, आईवडिलांपैकी कुणाला असा त्रास आहे का. आई तर गेलेली. मी म्हटलं, वडील सारखे संडासला जातात. ते घाटातलं तुम्ही सांगितलं नव्हतं, पण घरात मला दिसायचं की. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, वडिलांची तपासणी करून घ्या म्हणून. सम्राट म्हणाला, "आत्ताच्या आत्ता फोन लाव." मी म्हटलं, "लावते उद्या." मनात म्हटलं, त्यांना बी कळू दे पोट कसं दुखतं.

ती चिठ्ठी अजून माझ्या ट्रंकेत आहे.

तुमचं मनगट मोडलं हे मला आत्ता कळलं. चिठ्ठी त्याच्या सव्वा वर्ष आधीची. मी तीन दिवस हाच हिशेब करतीय. तुम्ही घास कोंबलात तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले.

दवाखान्यातलं तुमचं बोलणं मी विसरलेली नाही. तुम्ही एवढं लिहिलंत तरी ते गेलं नाही. जाईल असं खोटं कशाला लिहू? पण माझ्याकडूनही जे झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे होतं.

हाडांची तपासणी केली का? पत्रात त्याचं काही नाही. माझी बेळगावात करायला लावली होती. तुमचं तर हाड मोडलंय, तुमची आधी व्हायला पाहिजे. शनिवारी पहाटेच्या एसटीनं मी एकटी येतीय. दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. संध्याकाळच्या गाडीनं मी परत फिरेन, मुक्कामाचं एवढ्यात विचारू नका. माफीचं काही बोलायचं नाही. तुम्ही बोललात तर मलाही बोलावं लागेल, आणि ते मला जमणार नाही.

स्टँडवर या. पावणेतीन वर्षांत तुम्ही मला बघितलेलं नाही. मी अंगानं चांगली भरलीय, आप्पा. ओळखू आले नाही, तर नावानं हाक मारा.

तुमची,
दीक्षा