बाबा बाथरूमला गेलेत

प्रिय बाबा,

उद्या गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडतंय. पहाटे घाटकोपर स्टेशनच्या तिकीट खिडकीवर रांगेला जायचं म्हणून आज संध्याकाळी कपाटातून तुमची ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. पेन, कोरे फॉर्म, जुनी तिकिटं, सगळं तुम्ही ठेवलं होतं तसंच आहे. आणि त्यात एक कागद असा निघाला की तासभर मी नुसता बसून आहे. आईला दाखवायचा धीर होत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

कागदाचं शेवटी सांगतो. आधी गेल्या वर्षीचं. ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तुम्हाला मी किती हसायचो ना! मोबाइलवर दोन मिनिटांत तिकीट निघतं, आणि तुम्ही पहाटे चारला उठून खिडकीवर. वर तिथे मॉनिटर! वहीच्या पानावर नावं लिहायची, नंबर द्यायचे, कुणी मध्ये घुसला की चष्मा वर करून म्हणायचं, "तुमचो नंबर कितवो, सांगा बघू." मी म्हणायचो, बाबा, आता हे कोण करतं? तुम्ही म्हणायचात, "मोबाइलाक माझा तोंड म्हायत नाय. खिडकेवाल्याक म्हायत आसा."

गेल्या वर्षीही तिकिटं तुम्हीच काढलीत. तुमचं आणि आईचं. दोन्ही खालचे बर्थ, तेहतीस आणि छत्तीस. घरी येऊन तिकीट देवापुढे ठेवलंत, जणू लॉटरी लागली. आणि तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. असं कुणी जातं का, बाबा? कन्फर्म तिकीट हातात असताना?

तेरावं झालं आणि आई म्हणाली, मी गावाला जाणार. गणपती काका बसवतील, पण माटवी बांधायला ह्यांच्या घरातलं कुणीतरी पाहिजे. चाळीस वर्षं गणपतीच्या डोक्यावरची ती फळापानांची माटवी तुम्ही बांधलीत, यंदा परक्याने बांधलेली तिला बघवणार नव्हती. आणि तिच्या गुडघ्यांची अवस्था तुम्हाला माहीत आहे. तिला एकटीला गाडीत कसं बसवणार? मला जायलाच हवं होतं.

मग मी मोबाइल उघडला. शिसारी यावी असा प्रकार. बोट टेकवेपर्यंत वेटिंग लिस्ट. तत्काळला गोल फिरणारं चक्र, आणि चक्र थांबलं की पुन्हा वेटिंग. एजंटला फोन केला तर म्हणतो, "होईल ना साहेब, पण गणपतीचा रेट वेगळा." तिकिटाच्या तिप्पट! बसवाल्यांचं तेच, विमानाचं तर बोलायलाच नको. वर्षातून एकदा माणूस आपल्या घरी जातो, आणि नेमका तेव्हाच प्रत्येकाचा हात त्याच्या खिशात. म्हाताऱ्यांची सवलत तर कधीच गेली होती, ती तुम्ही मुकाट्याने सोसलीत. मला तेव्हा राग आला नाही, कारण मी कुठे जात होतो? मी अंधेरीच्या एसी ऑफिसात बसून "एन्जॉय करा" म्हणत होतो.

आई म्हणाली, "अरे, ह्यांचं तिकीट तुझ्या नावावर होतं का, खिडकीवर जाऊन विचार ना." मी म्हटलं, "आजकाल कोण बघतं गं? बसायचं बिनधास्त."

विचारलं नाही. रांग होती ना तिथे. मला रांगेची किळस वाटायची, बाबा. तुमच्या रांगेची.

तर कुर्ला टर्मिनसवरून सकाळी निघालो. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. बॅगा, पिशव्या, मखराचे खोके, सीटखाली झोपलेली माणसं, कुणाच्या तरी डब्यातल्या वड्यांचा वास आणि त्यावर संडासाचा. ठाण्यापर्यंतच नळाचं पाणी संपलं. एक गृहस्थ शेंगदाण्याची टरफलं सरळ आईच्या पायाशी टाकत होते. मी बोललो तर म्हणाले, "झाडूवाला येईल ना." मला वाटलं, उठून त्यांची पिशवी खिडकीबाहेर फेकावी.

पनवेल सोडलं आणि टीसी आले. हातात टॅब. तेहतीसवर मी बसलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॅबकडे बघितलं. "बहात्तर वर्षांचे सीनियर सिटिझन कुठायत?"

आणि बाबा, माझ्या तोंडून निघालं, "ते बाथरूमला गेलेत."

किती सहज निघालं! एक क्षणही अडखळलो नाही. टीसी पुढे गेले. आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं तिने ऐकलं नाही.

मग तुम्ही बाथरूमलाच राहिलात. कुणी बसायला मागितलं की मी म्हणायचो, नाही हो, माझे वडील येतायत. एक बाई होती, कडेवर लहान मुलगी, आरएसीवाली. म्हणजे अर्ध्या सीटवर दुसऱ्या कुणाबरोबर अंग चोरून बसलेली. ती दोनदा येऊन विचारून गेली, "आजोबा अजून आले नाहीत? येईपर्यंत हिला टेकवू का जरा?" मी नाही म्हटलं. लहान मुलीला नाही म्हटलं! भीती ही, की एकदा कुणी टेकलं की माझं बिंग फुटेल. तुम्ही असतात तर स्वतः उठून तिला बसवलं असतंत, आणि दिवसभर दाराशी उभे राहिला असतात.

खेडच्या पुढे टीसी परत आले. "काय हो, अजून बाथरूममध्येच? बरे आहेत ना ते? दार उघडून बघू का?"

मी म्हटलं, "पोट बिघडलंय त्यांचं."

तेव्हा आई वळली. पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, ते नाहीत. वारले. महिना झाला. हा मुलगा आहे त्यांचा."

 टरफलंवाले गृहस्थसुद्धा टरफलं टाकायचे थांबले. टीसी मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "अहो, खिडकीवर एक अर्ज द्यायचा ना आदल्या दिवशी. वडिलांचं तिकीट मुलाच्या नावावर होतं. एवढंच करायचं होतं."

एवढंच. एक कागद आणि एक रांग.

मग त्यांनी टॅबवर तुमच्या नावासमोर बोट लावलं. प्रवासी आले नाहीत. झालं! बर्थ त्या आरएसीवाल्या बाईला गेला, तिची मुलगी तेहतीसवर आडवी झाली आणि लगेच झोपली. माझ्याकडे तिकीटच नव्हतं, म्हणून दंडाची पावती फाडली. पुढे कणकवलीपर्यंत मी उभा. आणि उभं राहायला जागा कुठे मिळाली? संडासाच्या दारात. ज्यात मी तुम्हाला अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं, त्याच्याच दारात! दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार उघडायचं, घाण अंगावर यायची, आणि मी मनात रेल्वेला शिव्या घालायचो, एजंटला घालायचो. चिपळूणपर्यंत त्या पुरल्या. पुढे शिव्या द्यायला माझा मीच उरलो.

 उतरताना आई फक्त म्हणाली, "हात दे." गावी माटवी मी बांधली. वाकडी झाली. काकांनी सुंभ सोडून परत बांधली.

आता तो कागद. तो रिझर्व्हेशनचा फॉर्म आहे, तुमच्या अक्षरातला. तारीख कोरी. गेल्या वर्षीची तिकिटं काढून आलात तेव्हाच पुढच्या वर्षासाठी भरून ठेवलेला दिसतोय, कारण वयं पुढची लिहिलीत. तुमचं त्र्याहत्तर! आईचं अडुसष्ट. आणि तिसरं नाव माझं.

त्याच्याखाली तसेच सहा-सात जुने फॉर्म. प्रत्येकावर तिसरं नाव माझं, आणि प्रत्येकावर ते एका रेघेने खोडलेलं. तुम्ही दर वर्षी विचारायचात, "येतंस काय रे?" मी म्हणायचो, "नाही जमणार, बाबा, सुट्टी नाही." खाडाखोड झालेला फॉर्म खिडकीवाला घेत नाही, म्हणून तुम्ही दुसरा भरायचात, दोघांचाच. मला वाटायचं, विचारायचं म्हणून विचारता. आधी नाव लिहून मग विचारायचात हे मला कुठे माहीत होतं! एकदा तरी दाखवायचात, बाबा. इतकं मुकाट खोडत का राहिलात?

उद्या मी नवा फॉर्म नेतोय. आई आणि मी. तुमचं पेन घेतलंय. तुमच्या त्र्याहत्तर वर्षांवर रेघ मारायला मला सांगू नका, तो कागद पिशवीतच राहील.

त्या रांगेत तुम्हाला सगळे ओळखतात. वहीचं पान घेऊन तुम्ही दिसला नाहीत की कुणीतरी विचारणारच, "बापूस खंय रे तुझो?" वर्ष होत आलं, पण त्याचं खरं उत्तर मी अजून एकदाही स्वतःच्या तोंडाने दिलेलं नाही. गाडीत ते आईने दिलं. उद्या मी म्हणेन, बाबा. वचन देतो. त्यांच्याकडे बघून, नीट ऐकू जाईल असं सांगेन, की माझे बाबा गेले. आणि मग माझा नंबर लावेन.

या वेळी येणारा,
तुमचा संजू