दादाच्या हाताला झेपेल असं विमान

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होतो, मुद्दाम घेतला नाही. हल्ली फोनवर जीभ जड पडते. अर्धं बोलणं समोरच्याला कळत नाही, मग माणसं मोठमोठ्यानं ओरडायला लागतात, जसा काही मी बहिरा झालोय. पत्रात ती भानगड नाही. तेव्हा यापुढे पत्रच लिहीत जा, आणि अक्षर जरा माणसांना वाचता येईल असं काढ.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. लांबलचक आहे, लिहीत बसत नाही. मतलब एवढाच की एकेक स्नायू संपावर जाणार आणि हा संप मिटायचा नाही. उजव्या हातापासून सुरुवात झाली आहे. औषध नाही हे त्यांनी तोंडावर सांगितलं, ते बरं केलं. घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं घासलेली भांडी पुन्हा घासली.

आता कामाचं. गेल्या रविवारी मी आपलं तारांवरचं मोठं विमान, दोन तारांनी हातात धरून गोल उडवायचं ते हौशी मॉडेल, मैदानात नेलं होतं. इंजिन सुरू झालं, विमान माझ्याभोवती फिरायला लागलं, आणि दुसऱ्याच फेरीत दोन्ही तारांची मूठ माझ्या बोटांतून निसटायला लागली. शेजारच्या फिटरनं धावत येऊन मूठ धरली म्हणून निभावलं. नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात गेलं असतं. सव्वा किलोचं विमान, ओढ तीन किलोच्या वर. उभा जन्म लेथवर काढला, लोखंड सोललं, आणि आता तीन किलो जड झाले बघ.

भाजी जोखायचा स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला अडकवला आणि मुठीनं ओढून पाहिलं. दोन किलो निघतात. तेव्हा मला दोन किलोपेक्षा कमी ओढीचं विमान करून दे. तू चित्रांच्या फ्रेमा करतोस, पातळ लाकूड कापायला तुझ्यासारखा हात दुसरा नाही. मला एकदाच उडवायचंय. पण नुसत्या आडव्या फेऱ्या नकोत, ते म्हणजे घाण्याचा बैल होणं. एक लूप मारायचा आहे. नाक वर, पोट आकाशाला, पुन्हा खाली, पूर्ण गोल. माझ्या हातानं. त्यानंतर हात गेला तरी माझी तक्रार नाही.

पत्राचं उत्तर लगेच हवं. माया आहेच, पण आळशी माणसावर ती फार काळ टिकत नाही.

तुझा,
दादा


१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं. एक गिऱ्हाईक लग्नाचा फोटो घेऊन उभं होतं, त्याच्यासमोरच रडलो. त्याला वाटलं मला त्याच्या फोटोचं कौतुक आहे. बिचारा दर ठरवताना घासाघीस न करता गेला.

विमान करतो. हिशेब मांडला. आपण उडवतो त्या वेगाला ओढ वजनाच्या अडीच-तीन पट बसते, म्हणजे विमान सातशे ग्रॅमच्या आत बसवावं लागेल. बाल्सा लाकडाच्या फळ्या आणल्या आहेत. दुकानातल्या तराजूत एकेक फळी तोलून हलक्यातल्या हलक्या तेवढ्या निवडल्या. सारख्या मापाच्या दोन फळ्या आणि एक दुसरीच्या दुप्पट जड, असाही प्रकार निघाला. बायको म्हणते, फळ्यांना जेवढा निरखतोस तेवढं लग्नाच्या वेळी मला निरखलं नव्हतंस.

अडचण इंजिनाची आहे. तुझं मोठं इंजिन लावलं तर नुसत्या इंजिनानंच वजनाचा बराचसा वाटा खाल्ला, शिवाय ते विमान पळवणार, आणि वेग वाढला की ओढ भसाभस वाढते. लहान इंजिन लावलं तर नाक वर करताना दम टाकेल. तूच सांग.

वहिनींना नमस्कार. तुझ्या मायेत माझा नंबर खाली सरकू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

लहानच लाव. इंजिनाचा जोर महत्त्वाचा नाही, तो कधी येतो ते महत्त्वाचं. आडवं उडताना इंजिनानं जेवून पडलेल्या माणसासारखं घुरघुरत राहावं, आणि नाक वर झालं की खडबडून जागं व्हावं. इंधन सोडायची सुई जराशी उघडी ठेवलीस, तेल जास्त जाऊ दिलंस की लहान इंजिनही तसं वागतं. तुला इंधनातल्या एरंडेलाच्या धुराचा कंटाळा, म्हणून तू सुई आवळतोस आणि मग ते सारखं किंचाळत सुटतं. ती खोड सोड.

आणि रंग! तू फ्रेमवाला, चकचकीत केल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही हे मला ठाऊक आहे. लॅकरचा पहिला हात पंखावरचा कागद ताणायला, दुसरा तेल आत मुरू नये म्हणून. तिसरा हात दिलास तर तो तुझ्या हौसेचा, आणि त्याचं वजन माझ्या मनगटानं उचलायचं. शेपूट हलकी कर. शेपटीत ग्रॅम वाढला की तोल सावरायला नाकात तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. नाक जड झालं की पुन्हा पंख मोठा हवा. असं करत करत माणूस रेल्वेचा डबा बांधून बसतो.

काट्यावर या रविवारी हाताचा जोर दीड किलो भरला. शर्टाची बटणं वहिनी लावते. तिला घाई असली की चुकीच्या काजात लावते आणि मी तसाच दिवसभर फिरतो. लवकर कर रे. हसत लिहितोय, पण लवकर कर.

आठवण ठेवतोस तशीच ठेव.

दादा


१४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिसरा हात दिला नाही. शपथ. विमान कागदी पिशवीसारखं दिसतंय, दुकानात कुणी आलं की मी त्याच्यावर फडकं टाकतो. चाकांची तार बारीक केली, पंखातल्या पट्ट्या पोखरल्या. सहाशे ग्रॅमच्या थोडं खाली आलं. तू दीड म्हणालास म्हणून वेगही उतरवला.

काल उडवून बघितलं. आडव्या फेऱ्या इतक्या सुरेख, की वाटलं आत्ताच्या आत्ता तुझ्याकडे घेऊन यावं. मग लूप घेतला. नाक वर गेलं, इंजिन तू म्हणतोस तसं जागं झालं, आणि वर गेल्यावर तारा ढिल्या पडल्या. माझ्या हातात काहीच उरलं नाही, जणू मूठ कशाला बांधलेलीच नव्हती. विमान आत वळलं आणि माझ्या पायांपासून हातभरावर आपटलं. पंख दुरुस्त होईल, त्याची काळजी नको.

दादा, मी रात्रंदिवस यावरच डोकं खाजवतोय आणि दरवेळी तिथंच येऊन अडकतो. वरच्या बाजूला विमानाचं स्वतःचं वजन ओढीतून वजा होतं, म्हणून वेग लागतो. वेग दिला की तुझ्या हाताला ओढ जास्त. वेग कमी केला की तार ढिली, आणि तार ढिली पडली की विमान आपलं ऐकतच नाही. तुझ्या हाताला जे जड होतंय, नेमक्या त्याच्याच जोरावर विमान ऐकतं. यातून वाट कशी काढायची ते मला सुचत नाही. तारा आखूड करून बघतो. तुझा आकडा कळव.

रागावू नकोस आणि विसरू नकोस.

तुझा,
बारक्या


६ मे

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. माझ्या शाळेच्या लायब्ररीत बसून लिहिते, म्हणून पोस्टाचा पत्ता शाळेचा आहे. उत्तरही इथेच पाठवा.

यांनी तुम्हाला सव्वा किलो कळवलं असेल. काल मी दाराआड उभी राहून बघितलं. मूठ मनगटाला पट्ट्यानं बांधतात आणि सगळं अंग मागे टाकून लोंबकळतात. तो आकडा हाताचा नाही भाऊजी, पाठीचा आहे. हात कधीच गेला. चमचा धरता येत नाही. मी भरवते, आणि ते खिडकीबाहेर बघत जेवतात. बोटं मीच मुठीभोवती मिटवली तर मिटतात, सोडली की उघडतात.

विमान होणं शक्य नाही हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. मला त्यातलं शास्त्र समजत नाही, पण तुमचं पत्र वाचून ते सबंध संध्याकाळ हिशेब सांगत बसले आणि मी उतरवून घेतला, तेव्हा शेवटी काय निघतंय ते मला दिसलं. त्यांना दिसलं नाही असं नाही. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावलं.

माझं एक ऐका. विमान घेऊन या. त्यांच्या मागे उभे राहा, त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवा आणि तो लूप तुम्ही मारा. त्यांना वाटू दे की आपणच मारला. डॉक्टरीणबाईंच्या मते पायही फार दिवस साथ देणार नाहीत. मी यांच्याशी जन्मात खोटं बोलले नाही. आता बोलेन. मला दुसरं काही येत नाही हो.

घरच्यांना आशीर्वाद. आम्हाला अंतर देऊ नका.

तुमची,
वहिनी


१३ मे

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही म्हणता तसंच करू. उचकी लागेपर्यंत रडून झालं, आता डोकं चालवतो.

मूठ माझ्याच हातात राहणार असेल तर ओढीची चिंता नको. मग विमान अशक्त कशाला ठेवायचं? दादानं मागे पाठवलेलं त्याचं मोठं इंजिन माझ्याकडेच पडून आहे, तेच बसवतो. वजन वाढेल, वेग वाढेल, तारा शेवटपर्यंत ताठ राहतील आणि लूपमध्ये विमान पडणार नाही. त्याला सांगू की लहानच आहे, वरून झाकण घालतो म्हणजे दिसायचं नाही. नवीन विमानाच्या पहिल्या उड्डाणाला मागे माणूस लागतोच, असं मी त्याला वेगळ्या पत्रात लिहितो.

तुम्ही जेवत जा. तुमची माया माझ्या वाट्याला नेहमीच जास्त आली आहे, ती तशीच असू द्या.

तुमचा,
बारक्या


४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बसमध्ये विमान मांडीवर होतं आणि शेजारच्या बाईंनी विचारलं की हे कुणासाठी, तर मी ऐटीत म्हणालो की माझ्या दादानं परवा यानं लूप मारला.

मारलास की नाही? मी म्हणत होतो ना, जमेल! मी आपला मागे नावाला उभा. वहिनींनी तुझी कंबर धरली होती, आपण तिघं एकत्र गरगर फिरत होतो, बघणाऱ्याला वाटलं असेल वेड लागलंय. आणि मग तू नाक वर घेतलंस आणि काय तो गोल! एकदाही तार ढिली पडली नाही. शेजारच्या फिटरनं टाळ्या वाजवल्या. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मलाही राहवलं नाही.

विमान भिंतीवर टांगलंय. त्याला आता कुणी हात लावायचा नाही. पत्र पाठव, वहिनींकडून लिहवून घे.

तुझा लाडका, असं मीच म्हणतो,
बारक्या


१९ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र वहिनीच्या हातानं लिहीत आहे. एक शब्द गाळायचा नाही असं तिला बजावलंय. तिचा हात मधेच थांबतोय, म्हणून पत्राला दोन दिवस लागले.

त्या इंजिनाचा पिस्टन मी स्वतः बसवलाय. आठवडाभर घासत होतो. त्यावर झाकण घातलंस म्हणून मी त्याचा आवाज ओळखणार नाही असं वाटलं तुला? तू पहिल्यांदा प्रोपेलर फिरवलास तेव्हाच मला कळलं की हे विमान माझ्या हातासाठी नाही. मग मी वहिनीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

लूप चांगला होता. गोल होता. थोडा लवकर उचललास, पण गोल होता. तो तुझा होता. माझ्या हातात जोर नाही, पण ओढ कळते अजून. ती सगळी तुझ्या हातात जात होती. माझ्या बोटांपर्यंत काहीच आलं नाही.

वहिनीच्या लायब्ररीतल्या पत्रांचंही आता तिनं सांगितलं. तुम्हा दोघांनी मायेपोटी केलंत. मला राग नाही, आणि तिथं मैदानात मी काही बोललो नाही, कारण तुमचे चेहरे फार खुललेले होते. पण मी रडलो ते आनंदानं नव्हे. आकडे खोटे आहेत हे मला माहीत होतं, मीच ते पाठवत होतो. लूप होणार नाही हेही माहीत होतं. त्या हलक्या विमानाची मूठ माझ्या एकट्याकडे दिली असतीस, तर ती सुटली असती आणि विमान पडलं असतं. पण ते माझ्या हातून पडलं असतं रे. माझ्या हातानं शेवटचं काहीतरी केलं असतं.

आता पुन्हा ये म्हणावं, तर पाय धरत नाहीत. परवा पलंगावरून उठताना बसलो तो तसाच. तेव्हा ते राहिलं. विमान भिंतीवरून काढ आणि तू उडव, नाहीतर कुणाला तरी दे. माझं म्हणून ठेवू नकोस.

तू रडशील हे वहिनी लिहिताना म्हणाली. दुकान बंद करून रड, गिऱ्हाइकासमोर नको. तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे. वाढवायला मात्र आता वेळ नाही.

तुझा,
दादा
(सही वहिनीनं केली आहे.)