पिंपळनेरची पाटी

नाना, तुम्हांला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी दोन पुरुष एकदम स्टुडिओच्या पायऱ्या चढले की अजून माझे तळहात ओले होतात. कशामुळे, ते तुमच्याजवळ कधी बोलले नाही.

तो फोटो काढला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आपल्या बापलेकीच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो तुम्ही काढायचात, धुणं-छापणं माझ्याकडे. सुटीच्या दिवशी मात्र कॅमेरा पोटाशी धरून मी धुळ्यात भटकायचे, कुणाला कळू न देता फोटो काढायचे. त्या दिवशी स्टँडवर एक बाई एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी. हातात पत्र्याची पेटी, आणि हसतेय. कुणाशी नाही, आपली आपणच. मी बटण दाबलं. छापल्यावर तुम्ही काळ्या कार्डाचे दोन काटकोन फोटोवर ठेवून चौकट लहानमोठी करत बसलात. कोपऱ्यात गाडीवरची पिंपळनेरची पाटी आली होती. मला ती हवी होती. "पाटी डोळा ओढून घेते," तुम्ही म्हणालात, "लोकांना हसू बघू दे. काप." मी कापली. मग तुम्ही विचारलंत, "तिला विचारलं होतंस का गं?" मी हसण्यावारी नेलं. रस्त्यावरच्या माणसाला काय विचारायचं!

फोटो जळगावच्या प्रदर्शनात लागला. खाली माझं नाव, स्टुडिओचं नाव. चार दिवसांनी दुपारी ते दोघे आले. तुम्ही डार्करूममध्ये, दाराला आतून कडी. थोरल्याने भिंतीवरून उचकटून आणलेला फोटो काउंटरवर ठेवला. "हाई आमनी वहिनी शे. धरणगावहून पळनी. कोनती गाडीमा बठनी ती?" मी म्हटलं, मला नाही माहीत, फोटो एवढाच आहे. धाकट्याने शटर अर्ध्यावर ओढलं. दुकानात अंधारलं. थोरल्याने आवाजसुद्धा चढवला नाही. माझी कागद कापायची सुरी उचलून तो फोटोच्या कडेवरून हळूहळू फिरवू लागला. "एवढाच नसस. तू कापेल शे. बठ्ठा फोटू दखाड." न कापलेला, सगळा फोटो हवा होता त्याला. सुरी कडेवरून बाईच्या गळ्यापाशी आली, आणि तो फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"पिंपळनेर," मी म्हणाले.

ते गेले. मी शटर पुन्हा वर ढकललं. थोड्या वेळाने तुम्ही हात पुसत बाहेर आलात. "कोण होतं?" "पासपोर्ट फोटोचं विचारत होते." तुम्ही खुंटीवरची टोपी घेतलीत. "साक्रीकडे एक काम आहे. उद्या दुकान तू उघड." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलात, भाकरी खाल्लीत. काम झालं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पुढे कितीतरी महिने पेपर आला की मी आधी आतलं पान उघडायचे. 'अनोळखी विवाहिता' एवढे दोन शब्द दिसले की बोट ठेवून गावाचं नाव शोधायचे.

गेल्या महिन्यात एक पांढऱ्या केसांची बाई आली. तुमची चौकशी केली. तुम्ही आता नाही, हे कळल्यावर बाकावर बसली, पदराने डोळे टिपले. "पिंपळनेरला स्टँडसमोर मी काज-बटन करायची. त्यांनी मला चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाले, बाई, माझ्या मुलीच्या हातून चूक झालीय, आत्ताच्या आत्ता नीघ. स्वतः नंदुरबारच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी गावाकडची जीप आली म्हणे." आता सुरतेला तिचं शिवणाचं दुकान आहे. तिला तो फोटो हवा होता. "तेव्हा मी हसत होते, असं ते सांगत होते." मी छापून दिला. त्या दोघांना गावाचं नाव कोणी सांगितलं होतं ते तिला ठाऊक होतं, तरी तिने माझ्या हातचा चहा घेतला.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहवतंय. तुम्हांला सगळं माहीत होतं हे तिच्याकडून कळलं, असं मी घरी सांगितलं. ते खरं नाही. मी गावाचं नाव घेतलं तेव्हाच डार्करूममधला वाहता नळ एकदम बंद झाला होता. तुम्ही तेव्हा दार का उघडलं नाहीत, हे मी पुढे कधीच विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी ते नाव का घेतलं, हे मलाही सांगावं लागलं असतं.